नात्याचा रकाना

“नॉमिनी कोण?” असं त्या मुलीनं मान वर न करता विचारलं, आणि मी म्हटलं की व्याजाचा दर मला जरा कमी वाटतो. खरं तर दर तिनं आधीच सांगितला होता, अडीच टक्के, आणि मी त्याला मान डोलावली होती. आधार, पॅन, सगळं काढून दिलं होतं, फोटो त्या चौकोनात चिकटवूनही झाला होता. आता मात्र तिनं मान वर केली. “मॅडम, सरकारी बँकों में तो यही चल रहा है,” ती म्हणाली. मी म्हटलं, चार ठिकाणी बघून येते. कागद गोळा केले, पर्सची चेन लावली आणि गोरेलाल चौकातल्या उन्हात येऊन उभी राहिले. फोटो त्यांच्याच फॉर्मवर राहिला. परत जाऊन मागायचा तर पुन्हा त्या काउंटरपाशी उभं राहावं लागलं असतं, म्हणून राहू दिला. एक फोटो म्हणजे काही मोठं नुकसान नव्हे. हे मी स्वतःला पटवून दिलं, आणि ते पटवून द्यावं लागतंय हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

मी गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये हिशेब बघते. धान किती आलं, तांदूळ किती निघाला, कोंडा किती, तुकडा-कनकी किती, यात माझी पंचवीसेक वर्षं गेली, आणि ती वाईट गेली असं मी म्हणणार नाही. लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारणारे लोक आता थकलेत, त्यामुळे त्याचं उत्तर द्यायची सवय मोडली. रामनगरात भाड्याची खोली आहे, गॅलरीत तुळस आहे, संध्याकाळी बातम्या बघते. या सगळ्यात अचानक पैसे आले. भावाकडून. आमची गोरेगाव तालुक्यात शेती आहे, आता ‘होती’ म्हणायला हवं, कारण उन्हाळ्यात मी हक्कसोडपत्र लिहून दिलं. देवेंद्र माझ्याहून लहान. त्यानं भाव ठरवताना काही फसवलं नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला पाहिजे. रजिस्ट्री झाली तो बाजाराचा दिवस होता. बाहेर मोटरसायकलींची ही गर्दी. त्यानं मला टपरीवर चहा पाजला, चेक दिला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, “आता काई बाकी नाही ना ताई?” त्याला कागदांबद्दल विचारायचं होतं. मी म्हटलं, नाही, काही बाकी नाही. मग तो त्याच्या गाडीनं गेला आणि मी एसटीनं आले. खिडकीतून आमची धानाची बांधी कुठे दिसते का ते बघत होते, पण उन्हाळ्यात सगळ्या बांध्या सारख्याच दिसतात, भेगाळलेल्या. राखी मी पोस्टानं पाठवली. पोचली का, हे त्यानं कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर तो पैसा पगाराच्या खात्यात पडून होता. आमचे शेठ दुर्गाप्रसाद, मनानं चांगले आहेत, फक्त दुसऱ्याचा पैसा आळसात पडलेला त्यांना बघवत नाही. “अल्काजी, पैसा सो रहा है आपका,” ते रोज म्हणायचे. “कहीं तो लगाओ. सात-सात परसेंट मिल रहा है बाजार में.” एफडी मला नको होती. पाच वर्षं कशाला बांधून घ्यायची स्वतःला. साधं बचत खातं हवं होतं, हाताशी असलेलं, पण चांगल्या व्याजाचं. एवढीच गोष्ट होती. मी मिलच्याच जुन्या हिशेबाच्या कागदाच्या पाठीवर उभे रकाने आखले. बँकेचं नाव, दर, किमान शिल्लक, व्याज महिन्याला की तिमाहीला, एटीएमचा खर्च. मला असे रकाने आखायला आवडतं. कागदावर सगळ्या बँका शाळेच्या कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या दिसतात आणि कोण कुणाहून उंच ते एका नजरेत कळतं. त्यात नॉमिनीचा रकाना नव्हता. तो तिकडे, त्यांच्या फॉर्मवर होता.

सात टक्केवाली बँक नवी होती. आत इतकं गार होतं की मी पदर खांद्यावरून घेतला. टाय लावलेल्या एका मुलानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्याच फोनमध्ये त्यांचं अॅप टाकलं आणि पटापट पुढे सरकत गेला. जन्मतारीख, पत्ता, पगार. मग फोन माझ्याकडे वळवून म्हणाला, “इसमें नॉमिनी सिलेक्ट कर लीजिए.” यादी उघडली. पती, मुलगा, मुलगी, वडील, आई, भाऊ, बहीण, सून, नातू. मी बोटानं ती वर सरकवली, खाली सरकवली. लग्नपत्रिकेच्या शेवटी असतं तसं सगळं कुटुंब तिथे उभं होतं, आपलं कोण ते मी सांगायचं होतं. आई-वडील गेले. भावावर बोट ठेवलं असतं तर काम झालं असतं. भाऊ आहे, सख्खा आहे, आधार कार्ड आहे त्याचं. पण टपरीवरचा तो कप मला दिसला. काही बाकी नाही म्हणून मी स्वतःच सांगितलेलं. आणि आता मी मेल्यावर हा पैसा पुन्हा त्याच टपरीवर त्याच्याकडे परत जाणार, म्हणजे मी मधल्या मध्ये काही दिवस तो सांभाळला, एवढंच. मला राग आला असं नाही. फक्त माझं बोट तिथे गेलं नाही. मी त्या मुलाला विचारलं, हे सात टक्के सगळ्या रकमेवर आहे का? तो म्हणाला, नाही, एका रकमेच्या वरच्या पैशावर आहे, खाली कमी आहे. “मग हे आधी सांगायला हवं होतं,” मी म्हटलं, आणि चांगलं कडक म्हटलं. तो बिचारा गोरामोरा झाला. रिक्षात बसल्यावर मला त्याची दया आली. घरी येऊन कागदावर सातच्या पुढे बारीक अक्षरात ‘अटी’ असं लिहिलं.

तिसऱ्या ठिकाणी मात्र माझा तोल गेला. ती एक पतसंस्था होती, दर साडेपाच, अटी काही नाहीत, काउंटरवर चष्मेवाली पोक्त बाई. पळवाट शिल्लक नव्हती. तिनं विचारलं, “नॉमिनीत कोणाचं नाव टाकू?” आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, “भुजली.” तिनं टाइप केलं. मला पडद्यावर दिसलं, भुजली. मग ती म्हणाली, “आडनाव?” तेव्हा मी भानावर आले. भुजली हे नाव नाहीच. तिला माझी चूक कळायचं कारण नव्हतं, ती शहरातली असेल, आणि समजावून सांगायचं तर मला भुजलीचं खरं नाव तोंडानं घ्यावं लागलं असतं. मी उठले. व्याजाचं निमित्तसुद्धा काढलं नाही. “दीदी, क्या हुआ?” ती मागून म्हणत होती.

भुजली म्हणजे राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यात शिरवतात, म्हणजे सोडतात, ते कोवळे अंकुर. टोपलीत गहू पेरून अंधारात ठेवतात, ते पिवळेधमक उगवतात, गाणी म्हणत तळ्यावर नेतात, आणि पाण्यात सोडण्याआधी दोन मुली एकमेकींच्या कानावर ते अंकुर खोवतात. खोवले की त्या एकमेकींच्या भुजली झाल्या. जन्मभर. मग जात बघायची नाही, घर बघायचं नाही, आणि एकमेकींचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. हाक मारायची तर ‘भुजली’ म्हणूनच. माझे वडील सौंदडला शाळेत मास्तर होते, आम्ही तिथेच राहायचो. ती जवळच्या गावची, गोंडाची मुलगी, पाचवीत माझ्या शेजारी बसायची आणि गणितात माझी वही बघायची. तिनं माझ्या कानावर अंकुर खोवले तेव्हा मातीचा गार वास आला आणि मानेवर पाणी ओघळलं, ते मला आजही आठवतं. त्या दिवशीचं बाकी काही आठवत नाही. आईनं थोडी कुरकुर केली. वडील म्हणाले, झालं ते झालं, आता मोडता येत नाही. सातवीनंतर तिची शाळा सुटली, तिचं लग्न झालं तेही तिथल्या तिथेच. मी गोंदियाला आले. आमच्यात बोलायला फारसं काही उरलं नाही, असं कुणालाही वाटेल. वर्षातून एकदा, भुजलीच्या दिवशी, मी सकाळच्या गाडीनं सौंदडला उतरते, ती स्टेशनवर उभी असते, आम्ही तळ्यावर जातो, तिच्याकडे जेवतो, संध्याकाळच्या गाडीनं मी परत. फोन तिच्या मुलाकडे असतो आणि मुलगा कामाला नागपूरकडे. एका वर्षी मला ताप होता, जाता आलं नाही. ती दोन्ही गाड्या जाईपर्यंत फलाटावर बसून होती, हे मला पुढच्या वर्षी कळलं. तिनं सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, पाऊस कसा होता हे सांगावं तसं सांगितलं.

पण आईच्या वेळी तिनं तक्रार केली होती. आई दवाखान्यातच वारली, देवेंद्रनं सगळं क्रियाकर्म गोरेगावला केलं, आणि तिला कळवायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्याही. तेरवी होऊन गेल्यावर तिला कुणाकडून तरी समजलं. ती आली, दारात उभी राहिली, पाणीसुद्धा घेतलं नाही. “मी काय मेली होती का, मले नाही सांगतलं?” एवढंच म्हणाली. मग आईच्या खाटेवर बसून राहिली आणि रडून झाल्यावर गेली. देवेंद्रच्या बायकोनं विचारलं, ह्या कोण होत्या? मी म्हटलं, आमच्या सौंदडच्या. तेव्हाही मला दुसरा शब्द सुचला नव्हता.

पतसंस्थेतून आल्यावर त्या संध्याकाळी मी चहा केला, रकान्यांचा कागद पुढ्यात घेतला आणि स्वतःशी सरळ बोलले. व्याजाचा फरक वर्षाला एवढा नव्हता की त्यासाठी माणसानं गावभर वणवण करावी. हिशेब मला येतो. मला बँक शोधायची नव्हती. मी असं एखादं काउंटर शोधत होते जिथे तो प्रश्न विचारणार नाहीत. तसं काउंटर नाही. कुठेही पैसे ठेवायचे म्हणजे आपण नसू तेव्हाची गोष्ट आधी बोलून घ्यायची, आणि ती बोलताना समोर कुणीतरी उभं असायला पाहिजे. मला भीती वाटत होती. मरणाची नाही, त्याचं मला विशेष काही वाटत नाही. भीती ही की माझ्या मागे तो रकाना कोरा राहील आणि त्यानं कुणाचंच काही अडणार नाही. हे एवढं स्पष्ट कळल्यावर उलट बरं वाटलं. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले. दुसऱ्या दिवशी शेठना सांगितलं, शनिवारी सुट्टी पाहिजे. “बैंक का काम हुआ क्या?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याच कामाला चालले.

सौंदडला उतरले तर फलाटावर कुणी नव्हतं, असायचं कारणही नव्हतं, मी सांगून आले नव्हते. तरी मी थोडी थांबले. भुजलीच्या दिवसाखेरीज मी इथे पहिल्यांदाच उतरत होते आणि सगळं वेगळं दिसत होतं. श्रावणात जिथे हिरवं बघितलेलं, तिथे आता धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये पेंढ्या रचलेले पुंजणे उभे, वाळल्या तणसाचा वास. एका ऑटोवाल्यानं गावापर्यंत सोडलं. ती खळ्यावर होती. सुपानं धान उपणत होती आणि तिच्या केसांवर, पापण्यांवर भुसा बसला होता. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं. हसली नाही. चेहरा एकदम उतरला.

“कोन गेलं?” तिनं विचारलं.

“कुणी नाही.”

“मंग आज काऊन आली वो भुजली? तब्येत बरी हाये ना तुयी?”

मी म्हटलं, बरी आहे, एक काम आहे. तिला ते पटलं नाही. माझा हात धरून तिनं मला सावलीत बसवलं, पाणी दिलं, कपाळाला हात लावून बघितला. मग मी सांगितलं. शेतीचा पैसा, बँका, टक्के. ती ऐकत होती, पण टक्क्यांशी तिला काही घेणं नव्हतं. नॉमिनीवर आल्यावर तिनं मला थांबवलं.

“म्हंजे तू मेली का पैसा मले?”

“हो.”

“तू मरून राहिली का?”

“नाही ग. सगळ्यांनाच लिहावं लागतं.”

“मले नको,” ती म्हणाली. “तुया भावाले दे. नाही त देवळाले दे. तुया मरनाचा पैसा घेऊन मी काय करू? त्याचा भात माया घशाखाली उतरन का?” ती उठली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. तिला राग आला होता. वारा पडला होता, तरी ती उपणत राहिली आणि भुसा सरळ तिच्या पायांवर पडत राहिला. मी तशीच बसून होते. इतकी वर्षं ज्या एका दाराबद्दल मला शंका नव्हती तेही बंद झालं, आणि त्याला व्याजाचं कारण देता येणार नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. संध्याकाळची गाडी किती वाजता ते मी मनात आठवत होते, खरं तर ती वेळ मला पाठ आहे.

मग सुपाचा आवाज थांबला.

“भुजली,” ती तिकडे तोंड करूनच म्हणाली, “तू तिकडं गेली त मले कोन सांगन?”

मी वर बघितलं.

“तुया भावाले मायं घर मालूम नाही. तुया शेठले मी कोन, मालूम नाही. तुयी माय गेली तं मले तेरा दिवस कोनी सांगतलं नाही. तू मरून जाशीन, आन मी इथं श्रावनात स्टेशनावर बसून राहीन. गाडी येईन, जाईन.” ती वळली. “ज्याचं नाव लिवते त्याले ते लोकं सांगतेत का? घरी येऊन?”

मी विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. गार हवेतला तो टायवाला मुलगा इथवर येणार नव्हता, अडीच टक्केवाली मान वर करणार नव्हती. पतसंस्थेची ती बाई कदाचित फोन लावेल, पण फोन नागपूरकडे. “गोंदियाचे नाही येणार,” मी म्हटलं.

“मंग कोन येईन?”

गावातलं डाकघर एका खोलीचं आहे. डाकपाल जागेश्वर सकाळी तिथे बसतो आणि आलेली डाक दुपारनंतर स्वतःच मोटरसायकलवर वाटत फिरतो. भुजली म्हणाली, सासू जिवंत होती तोवर तो तिच्या घरी सासूचे निराधार योजनेचे पैसे द्यायला यायचा, सासू गेली तेव्हा सगळ्यात आधी त्यालाच कळलं. आम्ही दोघी तिथे गेलो. ती भुसा न झटकताच आली. जागेश्वर लिफाफे लावत बसला होता. खातं काढायचं म्हटल्यावर त्यानं आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, तुमी त गोंदियाच्या ना? तिथं बँका काय कमी हायेत? इथं चारच टक्के भेटते.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं.

“ज्यादावालेही हायेत आजकाल. सात देऊन राहिले.”

“तेही माहीत आहे. तुम्ही फॉर्म द्या.”

भुजलीनं मधेच त्याला विचारलं, “जागेश्वर, हे मेली त तू मले सांगशीन ना?” तो गडबडला. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, तिकडून मले खबर आली पाहिजे बापा, आली का मंग सांगीन, माया रस्त्यावरच हाये तुमचं घर. मी म्हटलं, खबर येईल, मी शेठना तुमचा नंबर लिहून देते, घरमालकिणीलाही देते. हे मी त्या क्षणी ठरवलं. इतकी साधी गोष्ट मला आजवर सुचली नव्हती.

फॉर्म भरताना हात अडला नाही. नॉमिनीच्या नावापाशी आले तेव्हा भुजलीनं पदराच्या गाठीतून आधार कार्ड सोडून माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः दाराबाहेर बघत उभी राहिली. नाव तोंडानं घ्यायचं नाही असं ठरलं होतं. हातानं लिहायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. मी हळूहळू लिहिलं. पाचवीत तिच्या वहीवर मीच तिचं नाव घालून द्यायचे, त्यानंतर आज. अक्षर तेवढंच नीट आलं.

जागेश्वरनं फॉर्म उचलला आणि खात्री करायला मोठ्यानं वाचला. “नॉमिनी, चमेली हिरालाल उईके.” मी खाली बघितलं. भुजलीनंही पदर ओढून घेतला. जागेश्वरला काय झालं ते कळेना.

“नातं नाही लिवलं मॅडम,” तो म्हणाला. “तुमचं आडनाव पटले, हेचं उईके. कोन लागते हे तुमची?”

“भुजली,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. गावातलाच तो. रकान्यात ते तसंच लिहिलं, शिक्का मारला, आणि खातं उघडण्यापुरते मी पुढे ठेवलेले पैसे मोजायला घेतले.